अनोळखी प्रोसेस दिसली की लगेच ‘एंड टास्क’ दाबू नका

कॉम्प्युटर संथ झाला, पंखा जोरात फिरायला लागला की बहुतेक जण टास्क मॅनेजर उघडतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो थेट उघडतो. समोर चालू असलेल्या प्रोग्रॅमची, म्हणजे प्रोसेसची, लांबलचक यादी येते आणि त्यातली निम्मी नावं कधी ऐकलेलीही नसतात. मग एखादं विचित्र नाव दिसतं, धस्स होतं आणि हात ‘एंड टास्क’कडे, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने बंद करणाऱ्या बटणाकडे जातो. पुढचे बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात.

नावावरून निकाल लावणे

सगळ्यात जास्त संशय येतो तो एसव्हीसीहोस्ट या नावाचा, कारण ते यादीत पन्नास-साठ वेळाही दिसू शकतं. एवढ्या प्रती म्हणजे व्हायरसच, असं वाटणं साहजिक आहे. पण विंडोजच्या सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारी कामं, याच प्रोग्रॅमच्या आधाराने चालतात. पूर्वी अनेक सेवा एकाच प्रोसेसमध्ये कोंबलेल्या असायच्या. विंडोज १० च्या २०१७ मधल्या एका अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रोसेस मिळते. फायदा असा की एक सेवा कोलमडली तरी बाकीच्या चालू राहतात. ‘डिटेल्स’ टॅबमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘गो टू सर्व्हिसेस’ निवडलंत, तर आत नेमकी कोणती सेवा चालू आहे ते दिसतं.

नावाला घाबरून फाइल उडवण्याचे प्रकार जुने आहेत. २००२ मध्ये एक ईमेल जगभर फिरला होता. तुमच्या कॉम्प्युटरवर टेडी बेअरचं चित्र असलेली फाइल असेल तर तो व्हायरस आहे, लगेच डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा, असं त्यात लिहिलं होतं. फाइल खरोखर सापडायची, कारण ती विंडोजसोबतच येत होती. जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यासाठीचा तो एक निरुपद्रवी भाग होता. लोकांनी तो स्वतःच्या हाताने काढून टाकला.

आणि ओळखीचं नाव म्हणजे सुरक्षित, असंही नाही. विंडोजची लॉगिन सांभाळणारी एल-एसएएसएस नावाची प्रोसेस असते. तिचं पहिलं अक्षर छोटं ‘एल’. त्याजागी मोठा ‘आय’ टाकला तर बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही नावं डोळ्यांना सारखीच दिसतात. एसव्हीसीहोस्टमधल्या ‘व्ही’ आणि ‘सी’ची अदलाबदल करणं, हीसुद्धा जुनी युक्ती.

आकडा पाहून घाबरणे

‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९५ टक्के दाखवत असेल तर ती चांगली बातमी आहे. तेवढा प्रोसेसर रिकामा बसलाय, एवढाच त्याचा अर्थ.

अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल म्हणजे विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, डिफेंडर. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर अपडेटच्या वेळी धावपळ करतो आणि सर्च इंडेक्सर फाइलींची सूची बनवतो. मोठं अपडेट झाल्यावर ही मंडळी प्रोसेसर आणि डिस्क खातातच. लॅपटॉप चार्जरला लावून तासभर चालू ठेवा, बहुतेक वेळा सगळं आपोआप शांत होतं. दिवसभरानंतरही एकच नाव वर बसलेलं असेल, तर मात्र पुढचा तपास करायला हवा.

मॅकवर ‘कर्नेल टास्क’ असाच घाबरवतो. प्रोसेसर तापला की इतर प्रोग्रॅमना तो कमी मिळावा म्हणून हा स्वतःच जागा अडवून बसतो. म्हणजे तिथे इलाज उष्णतेवर करायचा. हवा जायची फट मोकळी करा आणि जड काम करणारा प्रोग्रॅम बंद करा.

मग ओळखायचं कसं?

नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा. प्रोसेसवर राइट क्लिक करा आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम-३२ मध्ये राहतो (काही ३२ बिट सेवांसाठी शेजारच्या सिस-वॉव-६४ मध्ये). तोच टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) किंवा डाउनलोड्स फोल्डरमध्ये सापडला तर तो तोतया आहे. पण अ‍ॅपडेटा फोल्डर दिसला म्हणून दचकू नका. झूम, डिस्कॉर्डसारखे प्रोग्रॅम तिथेच बसतात.

त्यानंतर सही पाहा. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅबवर कंपनीचं नाव असतं. इथे एक खाच आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. विंडोजच्या कित्येक अस्सल फाइलींना हा टॅबच नसतो, कारण त्यांची सही वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये ठेवलेली असते. टॅब नाही म्हणजे फाइल खोटी, असं म्हणता येत नाही.

म्हणून मी प्रोसेस एक्सप्लोरर हा प्रोग्रॅम वापरा असं सांगेन. तो मायक्रोसॉफ्टचाच आहे आणि फुकट मिळतो, मात्र मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. त्यात ‘व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स’ चालू केलं की कॅटलॉगमधल्या सह्याही तपासल्या जातात. कोणत्या प्रोसेसने कोणाला सुरू केलं तेही झाडासारखं उलगडून दिसतं. एखादी अनोळखी प्रोसेस वर्ड किंवा ब्राउझरच्या पोटातून निघालेली दिसली, तर कारण अर्धं तिथेच सापडतं. त्यातूनच फाइलचा ठसा (फाइलवरून काढलेला सांकेतिक क्रमांक) व्हायरसटोटलकडे, म्हणजे अनेक अँटिव्हायरसचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या साइटकडे, पाठवता येतो. डझनावारी अँटिव्हायरसपैकी एखाद-दोनच लाल झाले तर तो बहुधा खोटा इशारा असतो, पण वीस-तीस झाले तर शंकेला जागा नाही.

बंद केली की विषय संपला, असं समजणे

सीएसआरएसएस किंवा विन-इनिट या विंडोजच्या अत्यावश्यक प्रोसेसपैकी एखादी जबरदस्तीने बंद केली तर निळी स्क्रीन येते आणि सेव्ह न केलेलं काम जातं. बाकीच्यांपैकी बऱ्याच प्रोसेस बंद होतात, पण थोड्या वेळात परत उगवतात. त्यांना सुरू करणारं कुणीतरी मागे असतं: स्टार्टअप यादी, एखादी सेवा किंवा ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा टास्क शेड्युलर. ऑटोरन्स नावाचं साधन या सगळ्या जागा एकत्र दाखवतं. त्यात आधी फक्त टिक काढा, नोंद डिलीट करू नका. चूक झालीच तर टिक परत लावता येते.

प्रोसेसचं नाव शोधताना ‘हा धोकादायक आहे, आमचा क्लीनर घ्या’ म्हणणारी पानं भेटतात. ती लगेच बंद करा. खऱ्या त्रासापेक्षा हे क्लीनर काढून टाकणं जास्त जिकिरीचं असतं.

तपासाअंती प्रोसेस खरंच घातक निघाली तर इंटरनेट तोडा आणि विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला फारसा वाव उरत नाही. तोवर त्या मशीनवर बँकेचं काहीही उघडू नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, आणि त्यातही ईमेलचा आधी. बाकी खात्यांचे पासवर्ड रीसेट करण्याच्या लिंक त्याच ईमेलवर येतात.