ढलप्यांऐवजी तयार वडी

लाकडाची बंद शेगडी पेटवायची म्हटले की बारीक ढलप्या फोडण्यात बराच वेळ जातो, आणि त्या किंचित जरी दमट असल्या तरी नुसता धूर होतो. त्याऐवजी मेण आणि लाकडाचा भुसा दाबून केलेली फायरस्टार्टरची तयार वडी वापरावी.

हवेची झडप पूर्ण उघडून, मनगटाएवढी दोन कोरडी फाटी चार बोटांच्या अंतराने समांतर ठेवावीत, मधल्या जागेत वडी ठेवून ती कडेला पेटवावी आणि ज्योत धरताच वर तिसरे फाटे आडवे टाकावे. वडीची ज्योत काही मिनिटे एकाच जागी टिकते, म्हणून फाटी पेट घेईपर्यंत फुंकर घालत बसावे लागत नाही. अनेकदा अर्धी वडीही पुरते. आधी तेवढीच वापरून पाहावी, कारण खर्चाची बचत खरी इथेच होते. मात्र फाटी ओली असतील, तर दोन वड्यांनीही काम होणार नाही.

शेगडीत आधीचे निखारे असताना वडी आत टाकू नये. ती एकदम भडकून हात भाजू शकतो.