मारुती ८०० च्या दाराचं बाहेरचं हँडल सरळ बसवताना

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० दहा वर्षांच्या पुढची आहे. एवढ्या वयात दाराचं काळं प्लास्टिकचं हँडल एका बाजूला झुकणं अगदी नेहमीचं. पण पाना हातात घेण्याआधी दोष कुठे आहे ते पाहा.

दार अर्धं उघडा, कडेला खालून धरून वर उचला. दार वरखाली हललं तर बिजागरी झिजली आहे. अशा वेळी हँडल कितीही सरळ केलं तरी दार बंद केल्यावर ते तिरपंच दिसणार. आधी बिजागरी दुरुस्त करा. दार घट्ट असेल तर हँडल हलवून बघा. बैठकीसकट डुगडुगत असेल तर आतले नट ढिले झालेत किंवा खालचं गॅस्केट (हँडल आणि पत्र्यामधली रबरी गादी) कडक होऊन चुरलंय. बैठक पक्की, पण ओढायची पट्टी लोंबत असेल तर स्प्रिंग किंवा पिन गेली. तिथे नवीन हँडलच घ्या. डाव्या-उजव्या दाराची हँडलं वेगळी असतात, दुकानात बाजू सांगून मागा.

काच पूर्ण वर चढवा, नाहीतर दारात हात जाणार नाही. काच फिरवायच्या हँडलमागे तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड (दाराच्या आतल्या बाजूचं पुठ्ठ्याचं आवरण) यांच्या फटीत सुती फडकं घालून दोन्ही टोकांनी करवतीसारखं पुढे-मागे ओढा, क्लिप सुटते. ती उडते, म्हणून दुसरा हात आड धरा. हात टेकायच्या पट्टीचे स्क्रू आणि आतल्या हँडलची चौकट काढून पॅडच्या क्लिपा एकेक करून उचकटा. उचकटायच्या हत्याराचं टोक अगदी क्लिपेजवळच घाला. पावसाचं पाणी प्यायलेला जुना पुठ्ठा मध्येच ओढला की फाटतो. सहा-आठ नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा. आतला प्लास्टिकचा कागद न फाडता सोडवा. पॅडला पाण्यापासून वाचवतो तो हाच. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

आता हँडलच्या दोन्ही टोकांपासून दाराच्या वरच्या घडीपर्यंतचं अंतर मोजा आणि चांगल्या बाजूच्या दाराशी ताडून बघा. हवी ती रेघ मास्किंग टेपने पत्र्यावर आखा. दाराच्या तळाशी फडकं पसरा, नट पडला तर सापडेल. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून १५ मिनिटं थांबा. घाई केली तर प्लास्टिकमधला बोल्टच फिरायला लागतो. हँडलपासून लॉकपर्यंत जाणाऱ्या रॉडची क्लिप ओढू नका, आधी बाजूला फिरवा, मग रॉड निघतो.

हँडल बाहेर काढून त्याखालचा गंज घासून रंगाचा हात द्या आणि नवीन गॅस्केट घाला. दोन्ही नट हाताने लावा, हँडल टेपच्या रेघेला आणा, मग पाळीपाळीने आवळा. भोकांत एक-दोन मिलिमीटरचीच मोकळीक असते, जुळवाजुळव तेवढ्यातच करायची. एकच नट पूर्ण आवळला तर हँडल पुन्हा फिरतं आणि बैठकीला तडा जातो. सपाट आणि स्प्रिंग वॉशर दोन्ही हवेत. नट बसल्यावर पाव फेरा पुरे.

खरी काळजी इथून पुढे. हँडल सरकलं की रॉडची लांबी बदलल्यासारखी होते. रॉड ताणलेला राहिला तर लॉक अर्धवट ओढलेलं राहतं आणि चालत्या गाडीत दार उघडू शकतं. फार ढिला राहिला तर हँडल ओढूनही दार उघडत नाही. हँडल ओढलेलं नसताना रॉडला एक-दोन मिलिमीटर चाल हवी. टोकाला आट्यांचा तुकडा असेल तर तो फिरवून, नसेल तर रॉडचा मूळ बाक पकडीने किंचित कमी-जास्त करून ती साधा.

दार उघडं ठेवूनच तपासा. स्क्रू ड्रायव्हरने लॉकची जीभ दाबा, दोन टप्प्यांत खटका लागला पाहिजे. मग बाहेरचं हँडल ओढा, जीभ एका झटक्यात सुटावी. असं दहा वेळा करा, आतल्या हँडलनेही. किल्लीने कुलूप लागतं-उघडतं का तेही बघा. सगळं जमल्याशिवाय दार लावू नका. पॅड सुटा असताना बंद दार अडकलं तर आतून वाट काढणं फार त्रासाचं.

हँडलच्या पिनेला थोडं पांढरं ग्रीस लावा. इंजिन ऑइल नको, त्यावर धूळ चिकटते. तळातलं फडकं काढा, पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. मग कागद, मग पॅड. तारेची क्लिप आधी काच फिरवायच्या हँडलमध्ये बसवा आणि पलीकडच्या बाजूच्या दाराच्या हँडलशी कोन जुळवून ते तळहाताने दाबा, खट्‌कन बसतं.