दीक्षाभूमीचा स्तूप बोधिवृक्षाच्या चौकटीतून टिपताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या नागपूरच्या भूमीवरील सुमारे १२० फूट व्यासाचा पांढरा घुमट छायाचित्रात अनेकदा सपाट आणि लहान दिसतो, कारण समोरून थेट टिपल्यावर त्याच्या भव्यतेची तुलना करायला जवळचे काहीच उरत नाही. ही उणीव आवारातील बोधिवृक्ष उत्तम भरून काढतो.

झाडाखाली उभे राहून खालच्या फांद्या चित्राच्या वरच्या कडेवर आणि एका बाजूला येतील, अशी जागा शोधावी. पाने घुमटावर चढू देऊ नयेत. पाने आणि घुमट यांच्यामध्ये आकाशाची एक मोकळी पट्टी राहिलीच पाहिजे, नाहीतर स्तूपाची गोलाई तुटते. त्यासाठी झूम वापरण्यापेक्षा दोन पावले मागे-पुढे सरकणे, प्रसंगी गुडघ्यावर बसणे, मला अधिक विश्वासाचे वाटते. फांदी ओढून किंवा वाकवून चौकट जुळवू नये. श्रीलंकेतील अनुराधापूरहून आणलेल्या रोपांपासून वाढलेल्या या वृक्षाला श्रद्धेने हात जोडले जातात.

पांढरा घुमट उन्हात चटकन जळतो, म्हणजे त्यावरील बारकावे पुसले जातात. मोबाइलवर घुमटावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा. पाने गडद झाली तरी चालेल, चौकटीने गडदच असावे. कॅमेऱ्यात एफ ८ ते एफ ११ छिद्र (अ‍ॅपर्चर) ठेवल्यास पाने आणि स्तूप दोन्ही पुरेसे स्पष्ट येतात. पिंपळाचे पान वाऱ्याच्या झुळकीनेही थरथरते, म्हणून शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये.

सकाळचे तिरपे ऊन घुमटाला उजेड-सावलीचा उतार देते, म्हणून वेळ तीच निवडावी. वैशाखात नागपूरचे आकाश धुळकट पांढरे होते आणि घुमट त्यात विरतो. पावसाळा ओसरल्यानंतरची निळाई त्याला उठाव देते. मात्र चैत्राच्या सुमारास येणारी तांबूस कोवळी पालवी मला या चौकटीसाठी सर्वांत सुंदर वाटते.

प्रवेशाजवळचे सांचीच्या धर्तीचे तोरण ही दुसरी चौकट. तेथे मध्यावर उभे राहून कॅमेरा सरळ धरावा. तो वर कलला की खांब आत झुकलेले दिसतात. वंदनेला आलेल्यांचा चेहरा टिपायचा असेल तर आधी विचारावे, आणि स्तूपाच्या आत छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील नियम वाचावेत.