घर आवरण्याचे फ्रेंच शब्द: या चुका टाळा

फ्रेंच शिकणारी बहुतेक मराठी मंडळी घरातले शब्द इंग्रजीच्या वाटेने पाठ करतात आणि तिथेच फसतात. सर्वांत चिवट चूक ‘रांझे’ या क्रियापदाची आहे. वस्तू जागच्या जागी ठेवणे हा त्याचा अर्थ. स्वच्छ करणे यासाठी ‘नेत्वाये’ हे वेगळे क्रियापद आहे. माझी एक विद्यार्थिनी फ्रान्समधल्या ल्यों शहरात एका कुटुंबाकडे राहत होती. घरच्या बाईंनी बाहेर पडताना ‘रांझे ला व्हेसेल’ एवढे काम सांगितले, तर हिने डिशवॉशरमधली धुतलेली, कोरडी भांडी काढून पुन्हा घासली आणि ओट्यावर उपडी घातली. आपली भांडी या मुलीला अस्वच्छ वाटली, असा बाईंचा समज झाला आणि तो दूर करण्याइतके फ्रेंच तिच्यापाशी नव्हते. वास्तविक भांडी घासणे म्हणजे ‘फॅर ला व्हेसेल’ आणि भांडी लावणे म्हणजे ‘रांझे ला व्हेसेल’. इतका नेमका फरक मराठीत तयार असताना इंग्रजीला मध्यस्थ कशाला करायचे?

दुसरा घोळ कपाटाचा. भिंतीत बसवलेले किंवा स्वयंपाकघरात ओट्याखाली असते ते ‘प्लाकार’, आणि स्वतंत्र उभे, हलवता येणारे ते ‘आर्म्वार’. घर सोडताना आर्म्वार नेता येते, प्लाकार घरमालकाचे राहते, त्यामुळे भाड्याचे घर पाहताना हा भेद उपयोगी पडतो. भाड्याच्या घराच्या जाहिरातीतला ‘काव’ म्हणजे गुहा नव्हे, तर इमारतीच्या तळघरातली सामानाची खोली. ‘कॉमॉद’ हा खणांचा ठेंगणा फडताळवजा पेटारा आहे. त्यावर हसून झाले की पुढे चला.

लिंग नंतर पाहू म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. स्वराने सुरू होणाऱ्या ‘आर्म्वार’ आणि ‘एताझेर’ (फळ्यांची मांडणी) यांच्याआधी निश्चित उपपद (‘ल’ किंवा ‘ला’) आखडते आणि लिंग झाकले जाते, म्हणून मी ‘यून आर्म्वार’, ‘यून एताझेर’ असेच पाठ करून घेते. खणाला मात्र ‘अं तिर्वार’. लिहिताना ‘नू रांझों’ या रूपातले g नंतरचे e हे अक्षर गाळू नये, अन्यथा उच्चार ‘रांगों’ होतो.

भांडी पुसायचे फडके ‘तोर्शों’, हातपाय पुसायचा टॉवेल ‘सर्व्ह्येत’, फरशीचे फडके ‘सेरपियेर’. यादी एका बैठकीत पाठ करणारे हे तिन्ही हमखास एकमेकांत मिसळतात. मी चिठ्ठ्या करून त्या त्या वस्तूवरच लावायला सांगते.