फुजियानच्या तुलौमधल्या घरी जाण्याआधीची तयारी

तुलौ म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतातल्या मातीच्या मोठ्या इमारती, जिथे अनेक कुटुंबं एकत्र राहतात. तिथे जायचं तर तिकिटापासूनच सावध राहा. शियामेन शहरातून हाय-स्पीड रेल्वेने उतरायचं ते नानजिंग फुजियान प्रांतातलं. इंग्रजीत हुबेहूब तेच स्पेलिंग असलेलं महानगर शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे, त्यामुळे प्रांताचं नाव तपासल्याशिवाय पैसे भरू नका. पासपोर्ट मूळ हवा, झेरॉक्स चालत नाही. अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला कार्ड भारतातूनच जोडून ठेवा. गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथे सहसा उघडत नाहीत, म्हणून चिनी भाषांतराची ऑफलाइन फाइल आधीच उतरवून घ्या.

2008 साली 46 तुलौ जागतिक वारसा यादीत गेले, तरी मातीच्या जाड भिंतींआड हक्का या चिनी समाजाची कुटुंबं अजून राहतात. बहुतेक ठिकाणी तळाला स्वयंपाकघर, वर धान्याची कोठी, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. यजमान सोबत नसतील तर जिना चढू नका. वर कुणाची तरी अंथरुणं असतात. मजले आणि जिने लाकडी, म्हणून सिगारेट नको आणि न घसरणारे बूट हवेत.

भेट म्हणून सीलबंद भाजलेले काजू उत्तम. पेढे-बर्फी नको, कारण दुधाचे पदार्थ चीनच्या कस्टम्समध्ये अडकू शकतात. चार पाकिटं नेऊ नका, घड्याळ तर अजिबात नको: चिनीत ‘चार’ आणि ‘घड्याळ देणं’ या दोन्हींचे उच्चार मरणाशी जोडलेले आहेत. लाल कागदात बांधून दोन्ही हातांनी द्या. आधी नको-नको होईल, तरी आग्रह धरा. समोर उघडलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

शाकाहाराचा प्रश्न खरा अवघड. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर पालेभाजी डुकराच्या चरबीत परतून येते, वर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस. मांस, मासे, चरबी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर, अंडी खात नसाल तर तीही, असं एकेक नाव चिनीत लिहिलेली चिठ्ठी आदल्या दिवशीच पाठवा. जेवण बाराच्या आतच मांडलं जातं, तेव्हा अकरापर्यंत पोहोचा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, ती मृतांसाठीची रीत. चहाची इवलीशी वाटी रिकामी दिसली की लगेच भरली जाते. पुरे झाला तर भरलेलीच राहू द्या. कुणी ओतत असताना दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं की आभार पोहोचतात.

टिश्यू, सॅनिटायझर आणि टॉर्च जवळ असू द्या, कारण शौचालय बऱ्याचदा इमारतीबाहेर असतं. मुक्काम खासगी घरात असेल तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते; यजमानांना हे निघण्यापूर्वीच विचारा. नोंदणीकृत गेस्टहाउस असेल तर ते काम तेच करतात.