मृग नक्षत्र पाहताना या चुका टाळा

७ जूनच्या सुमारास मृग लागले की ‘आज मृग कुठे दिसेल?’ असे विचारणारे कोणी ना कोणी भेटतेच. ढग नसते तरी ते दिसले नसते, कारण मृग लागणे म्हणजेच सूर्य त्या नक्षत्रात असणे, आणि त्या दिवसांत ते सूर्याबरोबरच उगवते व मावळते. ते पाहावे डिसेंबरच्या मध्यापासून. तेव्हा अंधार पडल्यावर ते पूर्वेला वर येते.

मृगातल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी तांबूस तो काक्षी (बेटेलज्यूज) आणि निळसर पांढरा तो राजन्य (रायजेल), हे डोळ्यांनी ठरवावे. त्यासाठी ॲप उघडू नये. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावला तेव्हा त्याचा स्फोट होणार म्हणून गवगवा झाला, पण आड आली होती ती त्याच्यातूनच बाहेर पडलेली धूळ. व्याध या तेजस्वी ताऱ्याला ग्रह समजणाऱ्यांनी मृगाच्या मधल्या, बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ आग्नेयेकडे वाढवावी; ती व्याधापाशी पोचते.

सर्वांत जास्त राग येतो तो जास्त वर्धनाच्या आयपीसच्या (दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगाच्या) घाईचा. वांगणीच्या माळावर एका जानेवारीत एक तरुण ११४ मिलिमीटरची नवी दुर्बीण घेऊन आला होता. बाणाच्या दक्षिणेला लटकलेल्या तीन फिकट ताऱ्यांपैकी मधला म्हणजे मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग), हे त्याला पाठ होते; तरीही तासभर त्याला काही सापडेना. दुर्बिणीचे नाभीय अंतर ९०० मिलिमीटर, आयपीस ४ मिलिमीटरचा, म्हणजे २२५ पट वर्धन, आणि त्यावर बार्लो (वर्धन दुप्पट करणारे भिंग) लावून ४५०. एक अंशाहून मोठा पसरलेला तेजोमेघ असल्या चिमुकल्या खिडकीत मावणार कसा? शिवाय फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवलेला नव्हता, आणि दर दोन मिनिटांनी मोबाइलचा पांढरा उजेड डोळ्यांवर पडत होता.

मी २५ मिलिमीटरचा, कमी वर्धनाचा आयपीस लावला, फाइंडर दूरच्या दिव्यावर जुळवला आणि त्याला वीस मिनिटे अंधारात नुसते बसवले. मग दिसले ते करडे, किंचित हिरवट धुके आणि त्याच्या मध्यावर चिकटून बसलेले चार बारीक तारे. त्यावर तो म्हणाला, “एवढंच? रंग कुठे आहेत?” रंग कॅमेऱ्याला दिसतात, डोळ्याला एवढेच दिसते, आणि १,३०० हून अधिक प्रकाशवर्षांवरून आलेले एवढे मला पुरते.

मृगातल्याच, घोड्याच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या अश्वमुख तेजोमेघाच्या मागे लहान दुर्बीण घेऊन लागू नये. तो १८८८ मध्ये सापडला तोही छायाचित्राच्या काचेवर. तेवढ्या वेळात एम ७८ हा मृगातलाच दुसरा तेजोमेघ निवांत पाहून होतो.