फोन फॉरमॅट मारण्याआधी थांबा: या चुका टाळा

कापसाचे पैसे खात्यात पडले, त्याच आठवड्यात पारोळ्याकडच्या आमच्या नात्यातल्या नानांच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी! नानांनी ती उघडली, मागेल ती परवानगी दिली. त्यात मेसेज वाचायचीही होती. मग ओटीपी परस्पर गेले आणि खातं रिकामं झालं. पुतण्या म्हणे, ‘नाना, यामा व्हायरस शे, फॉरमॅट मारी टाकूत.’ आणि मारलाच. तक्रार द्यायला गेले तेव्हा हातात फक्त बँकेचं स्टेटमेंट. फाइल नाही, ती पाठवणाऱ्याचा नंबर नाही.

चोरापेक्षा घरच्या हुशारांनीच पुरावा जास्त पुसला, असं माझं मत.

असं झालं तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरत असतात. लवकर कळवलं तर वाटेत अडवता येतात. ती फाइल, ते चॅट, ते ॲप तसंच राहू द्या. स्क्रीनशॉट जरूर काढा, पण मूळ मेसेज उडवू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच; आत एक स्वल्पविराम बदलला तरी तो जुळत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर आधारची पीडीएफ पाठवता ना? ती त्या कॉम्प्युटरवरच राहते. पासवर्ड आहे म्हणाल, तर तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. गावात ते कोणाला माहीत नाही? चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

जुना फोन विकताना मात्र नेमकं उलटं होतं. तिथे पुसायला हवं, तर लोक गॅलरीतले फोटो तेवढे डिलीट करतात. आजकालच्या फोनची मेमरी एन्क्रिप्टेड असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी. फॅक्टरी रिसेट केला की तिची किल्लीच नष्ट होते. आधी गूगल अकाउंट काढा, मग रिसेट करा. मेमरी कार्डाचं तसं नसतं. तिथे डिलीट म्हणजे अनुक्रमणिकेतली ओळ खोडणं, पानं जागेवरच. फुकटच्या सॉफ्टवेअरनेही फोटो परत निघतात. कार्ड फोनसोबत देऊच नका, काढून घरी ठेवा.